दहा सेंटांची नाणी कोणी घासली

ऑक्टोबर सरत आला की आयर्लंडमध्ये, ल्यूकनमधल्या आमच्या मुलाच्या घरी दुपारी चारलाच स्वयंपाकघरातला दिवा लावावा लागतो. बाहेर ओली पानं फरशीला चिकटून बसतात. कोणाच्या तरी धुराड्यातून कोळशाचा वास येतो. मागच्या गल्लीत पोरं फटाके उडवतात. इथे फटाके विकायलाही बंदी आहे आणि उडवायलाही, पण महिन्याच्या शेवटी त्यांचा भुतांचा सण असतो आणि त्याआधी पंधरा दिवस पोरं कुठून कुठून लवंग्या पैदा करतात. गेल्या वर्षी तो पहिला आवाज ऐकून मी कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो होतो, "घे, आपली दिवाळी ह्यांनाच आधी कळली." ती हसली होती. या वर्षी तसाच आवाज आला आणि तिने मान वर केली नाही. घेवडा मोडत राहिली.

त्याच दिवशी पुण्याहून पोंक्षेंचा फोन आला. आमच्या नाणी मंडळाच्या दिवाळी अंकाचे ते संपादक. "काय हो लिमये, अंक जुळवतोय. तुमचा गेल्या वर्षीचा चिंचेचा लेख लोकांनी डोक्यावर घेतला होता. यंदा तसंच काहीतरी खुसखुशीत पाठवा. वहिनींचा नवा पराक्रम काय?"

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आणि मला सणसणून राग आला. पहिला राग पोंक्ष्यांवर. राग नेहमी आधी सोयीच्या माणसावर येतो. पोंक्ष्यांनी काय केलं होतं? मी लिहून दिलं ते छापलं होतं.

तर पोंक्षे, हा घ्या लेख. खुसखुशीत नाही. गेल्या वर्षी याच अंकात मी लिहिलं होतं की इथे आयर्लंडला माझ्या बायकोने लक्ष्मीपूजनासाठी नाण्यांचा आख्खा संग्रह चिंच लावून घासला. ते धादांत खोटं होतं. संग्रह तिचा होता आणि घासला मी.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं, कारण त्या लेखात मी तिच्या नाण्यांबद्दलही धड लिहिलं नव्हतं.

आम्ही इथे दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आलो ते तीन महिन्यांसाठी. नंतर काय झालं ते जगाला माहीत आहे. मार्चमध्ये सगळं बंद झालं. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असं सांगण्यात आलं. मी चौऱ्याहत्तरचा, कुमुद अडुसष्टची. म्हणजे तिला फिरायला जायची मुभा आणि मला खिडकी. निखिल आणि सूनबाई केतकी वरच्या दोन खोल्यांत दारं लावून काम करायचे, आमची नात रेवा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपसमोर शाळा करायची आणि आम्ही दोघं आवाज न करता घरभर वावरायला शिकत होतो. दुकानातून आलेलं दूध पुसून घ्यायचं, पिशव्या दाराबाहेर वाळवायच्या. त्या दिवसांत कोणालाच काही हातात घ्यायची इच्छा नव्हती. नाणी तर नाहीच. दुकानदार कार्ड दाखवा म्हणायचे आणि सुटे पैसे बघितले की मागे सरायचे.

फ्रिजवर निखिलने एक काचेची बरणी ठेवली होती. खिशातली चिल्लर वर्षानुवर्षं त्यात पडत आलेली. केतकी म्हणाली, "आई, ते टाकूनच देऊ या का? किती हातांचं असेल." कुमुदने बरणी उचलून मोरीत ओतली, साबणाच्या कोमट पाण्याने नाणी नुसती खळबळली आणि खिडकीखाली टॉवेलवर वाळत घातली. साबणाच्या पाण्याने नाण्याचं काही बिघडत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कोणीतरी म्हणेल की मग तिनेच सुरुवात केली होती की.

एप्रिल होता. इथलं ऊन तिरपं येतं, आणि आलं की सगळ्या वस्तूंना उचलून दाखवल्यासारखं दाखवतं. कुमुद टॉवेलपाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "अहो, इकडे या. ही सगळी दहा सेंटचीच आहेत ना?"

"हो. त्यात काय?"

"मग एकाचाही रंग दुसऱ्यासारखा कसा नाही?"

दहा सेंटचं नाणं पिवळं असतं, आपल्या पितळेच्या जवळचं. नवं असताना सगळी सारखी. पण माणसांच्या हातात फिरलं की प्रत्येक वेगळं होतं. कुमुदने तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवलं. रेशमाच्या लडी उजेडात धरून, ही आणि ती एक नाही, असं सांगण्यात तिचा जन्म गेला. तिने त्या टॉवेलवर नाणी लावायला घेतली. देशाप्रमाणे नाही, सालाप्रमाणे नाही. रंगाप्रमाणे. एका टोकाला अगदी ताजं, मग हळद, मग पिकलेलं केळं, मग मोहरी, सुंठ, फिका चहा, गूळ, कडक चहा, काकवी, आणि दुसऱ्या टोकाला एक जवळजवळ काळं, ज्याला तिने नाव दिलं जळका तवा. ही नावं तिची आहेत. मी गेल्या वर्षीच्या लेखात ती लिहिली नाहीत, कारण ती लिहिली असती तर वाचणाऱ्यांना कळलं असतं की या बाईला आपण काय करतोय ते नीट माहीत होतं.

मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, "नाणी अशी लावत नाहीत." आणि तिला देश आणि साल समजावून सांगायला लागलो. युरोपातल्या प्रत्येक देशाची मागची बाजू वेगळी. आयर्लंडची वीणेसारखी हार्प, जर्मनीची कमान, फिनलंडचा सिंह, फ्रान्सची बी पेरणारी बाई. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हार्पचं एक आणि सिंहाचं एक अशी दोन उचलून शेजारी ठेवली. "दोन्ही सुंठ," म्हणाली.

केतकीची एक जुनी चादर आणि टेबलावर पसरायचं पारदर्शक प्लास्टिक घेऊन कुमुदने हाताने एक घडी शिवली. ओळीने खिसे, प्रत्येक खिशाला प्लास्टिकची खिडकी. उलगडली की टेबलभर पसरायची, गुंडाळली की लाटण्याएवढी. त्या शिवणीत तिचा मे महिना गेला. दाराशी बसून शिवायची, समोर कोणाच्या तरी कुंपणावर पिवळ्या फुलांची झुडपं वाऱ्याने हलायची, रेवा येऊन विचारायची, "आजी, व्हॉट कलर इज दिस वन?" आणि आजी म्हणायची, "तूच सांग." रेवा मराठीत एक शब्द बोलत नाही, पण 'काकवी' म्हणायला शिकली. गूळ आणि काकवी यांच्यात फरक करायला शिकली. माझ्या चांदीच्या रुपयांवर मी तिला दोनदा व्याख्यान दिलं होतं. ती दोन्ही वेळा पाणी प्यायला उठून गेली.

आता चांदीच्या रुपयांविषयी. मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे की मी चाळीस वर्षं जमवतोय. त्यातल्या काही नाण्यांपायी घरात काय काय घ्यायचं राहून गेलं ते कुमुदला माहीत आहे, आणि ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या छंदाला काहीच लागलं नाही. बरणीतलं नाणं, कपाटातली चादर, स्वतःचे डोळे. कंटाळा आला असता तर सगळी नाणी देऊन पाव आणता आला असता. आणि नेमकं हेच मला सहन होत नव्हतं. जे कोणालाही जमवता येतं त्याला संग्रह म्हणायचं? मी त्याला 'कुमुदची चिल्लर' म्हणायचो. प्रेमाने म्हणतोय असं दाखवून म्हणायचो. प्रेम बिम काही नव्हतं. पोटात दुखत होतं.

शेजारी नोरीन राहते. एकटी, कुमुदच्याच वयाची, पूर्वी पोस्टात होती. जूनपासून भिंतीवरचा व्यवहार सुरू झाला. अलीकडून कुमुद, पलीकडून नोरीन, मध्ये कमरेएवढी भिंत आणि भिंतीवर नाणी ठेवायला जॅमची रिकामी बाटली. नोरीनला सगळा प्रकार पहिल्या दिवशीच समजला. मला कोणी पंधरा मिनिटं समजावलं असतं तरी जे समजलं नसतं ते तिला कुमुदच्या तोडक्या इंग्रजीत समजलं. ती ओळखीच्यांकडून दहा सेंटची नाणी गोळा करून आणायची आणि भिंतीवरून ओरडायची.

"कुमुद! हे बघ, आज एक ग्रँड घाणेरडं मिळालंय तुला!"

"दाखव, दाखव. अं... नाही. हे आहे माझ्याकडे. कडक चहा."

"कडक चहा? बाई, हा चहा असेल तर मी दूध घालणार नाही. बरं, हे? चिप्सच्या दुकानातल्या त्या बाबाकडून आणलंय. त्याच्या हाताला कायम तेल असतं."

आणि तेलकट हातांतून गेलेल्या त्या नाण्याला खरोखरच वेगळा रंग होता. हिरवट. कुमुदने त्याला लोणचं असं नाव दिलं. लोणचं म्हणजे काय हे नोरीनला सांगताना दोघी इतक्या हसल्या की वर निखिलला मीटिंगमध्ये खिडकी लावून घ्यावी लागली. मी आत बसून ऐकत होतो. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं हसवलं असेन, पण कधी ते आठवत नाही.

उन्हाळा असा गेला. इथला उन्हाळा म्हणजे संध्याकाळी दहापर्यंत न मावळणारा उजेड आणि अंगावर स्वेटर. सप्टेंबरात घडी जवळजवळ भरली. एक-दोन खिसे रिकामे होते, त्यांची नावं मात्र ठरलेली होती. असा रंग असायलाच हवा, अजून सापडला नाही, असं ती म्हणायची. ते ऐकून मी मनात हसायचो. अरे, मी स्वतः एका सालच्या रुपयासाठी अकरा वर्षं थांबलोय!

मग दिवाळी आली.

पुन्हा सगळं बंद होतं, पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात नाणी ठेवतात आणि ती त्या दिवशी चिंच लावून लख्ख करतात. पूजेची उपकरणी आणि ही नाणी घासायचं काम पहिल्यापासून माझं. पुण्याला त्यासाठी वेगळी नाणी आहेत, संग्रहातली नव्हेत. संग्रहातल्या नाण्याला चिंच काय, ओलं फडकंही लावू देत नाही. मंडळात नवीन येणाऱ्यांसाठी जे माहितीपत्रक आहे ते मीच लिहिलंय आणि त्यातला पहिला नियम असा आहे: नाणं कधीही घासू नये, त्याच्या अंगावर आलेला काळ हीच त्याची ओळख. हे वाक्य माझं आहे.

लक्ष्मीपूजनाला दुपारी जेवणं झाल्यावर निखिल आणि केतकी रेवाला घेऊन सामान आणायला गेले. कुमुद नोरीनबरोबर नदीकाठच्या बागेत फिरायला गेली. घरात मी एकटा. ताटात ठेवायला नाणी नव्हती. मी केतकीच्या प्रेसमधून, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात त्यातून, चिंचेची वडी काढली, पातेल्यात मीठ घालून कोमट पाण्यात कुस्करली, आणि कुमुदची घडी उलगडली.

इथे थांबून नीट लिहितो, कारण एवढ्यासाठीच हा लेख आहे. मी विसरलो नव्हतो. माझा गोंधळ झाला नव्हता. नियम मला पाठ होता. पण ती नाणी संग्रह आहेत हेच मला मान्य नव्हतं. म्हणून नियम लागू नव्हता. सबंध उन्हाळाभर ती उजेडात धरून धरून जे जमवत होती, ते मी जमवणं म्हणून मोजलंच नाही.

एकेक नाणं खिशातून काढून पातेल्यात टाकलं. तास दीड तास भिजवलं. मग भांडी घासायच्या तारेने एकेक घासलं. बोटं सुरकुतली, स्वयंपाकघरभर चिंचेचा आंबट वास, आणि मला छान वाटत होतं. घरच्यासारखं वाटत होतं. पहिलं नाणं पुसून खिडकीपाशी धरलं तेव्हा मी म्हणालोसुद्धा, "वा."

ती नव्यासारखी झाली नव्हती. नव्या नाण्यावर टाकसाळीची तकतक असते. ही गुलाबट पिवळी झाली होती, तारेच्या ओरखड्यांनी भरलेली, आणि सगळी एका रंगाची. हळद नाही, मोहरी नाही, सुंठ नाही. लोणचं कुठलं ते मलाही सांगता आलं नसतं.

कुमुद आली. कोट काढता काढता तिला वास आला असणार, कारण एक बाही अंगात आणि एक बाहेर अशीच ती स्वयंपाकघरात आली. ताटाकडे पाहिलं. टेबलावरच्या रिकाम्या घडीकडे पाहिलं.

"सगळी?" तिने विचारलं.

"पूजेला हवी होती ना," मी म्हणालो. "बघ किती उजळली."

ती कोट अडकवायला परत गेली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ती एक चूक झाली असती. चुका मी पुष्कळ केल्यात. पण पूजा झाल्यावर पोंक्ष्यांचा व्हिडिओ कॉल आला. निखिलने टॅब फिरवून सगळं दाखवलं, रेवाचा परकर, केतकीची रांगोळी, पूजेचं ताट. पोंक्षे जुने खेळाडू, त्यांनी लगेच ओळखलं.

"थांबा, थांबा! ताट जवळ आणा. अहो लिमये, ही नाणी कोणी घासली हो? माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या घरात हा खून? वहिनी, तुम्ही काय?"

कुमुद माझ्या मागे करंज्यांची बशी घेऊन उभी होती. मला ती टॅबच्या कोपऱ्यातल्या चौकोनात दिसत होती. आणि मी म्हणालो, "आता काय सांगणार, पोंक्षे! मी जरा बाहेर गेलो होतो. आलो तर हे!"

पलीकडून हशा. निखिल हसला, केतकी हसली. "आई, काय तू पण!" त्या चौकोनातली बशी हलली नाही.

मी बाहेर गेलो नव्हतो. बाहेर ती गेली होती. मी तिची दुपार चोरली आणि माझी तिच्या अंगावर घातली.

पुढे पोंक्ष्यांनीच आग्रह केला, गेल्या वर्षीचा अंक महामारीमुळे लांबून डिसेंबरात निघायचा होता, त्यात हा किस्सा पाहिजेच. मी लिहिला. बसून, शब्द जुळवून, दोनदा खाडाखोड करून लिहिला. 'आमच्या सौ.चा उजाळा' असा मथळा दिला. नाणी तिनेच जमवलेली होती हे एका ओळीत उरकलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण पुढे अनेकांनी ते मला म्हणून दाखवलं: बायकांच्या हाती चिंच आणि नाण्यांचा इतिहास सापडला की दोन्हींचं पाणी होतं. चार-पाच जणांनी फोन करून दाद दिली. एका गृहस्थाने लिहिलं की घरात मोठ्याने वाचून दाखवला, बायकोसुद्धा हसली. मला आज त्या बाईंचाही राग येतो. का हसल्या त्या?

डिसेंबरात एकदा नोरीन भिंतीपाशी दिसली. कुमुदने तिची जॅमची बाटली आठवडाभर उचलली नव्हती. नोरीनने मला विचारलं, "तिच्या नाण्यांचं काय झालं रे? काही सांगत नाही."

माझ्या तोंडात तेच आलं. "दिवाळीला तिने घासून टाकली. जुनी सवय."

"तिने?" नोरीन म्हणाली. "कधी?"

"त्याच दुपारी."

"त्या दुपारी ती माझ्याबरोबर होती. नदीपर्यंत गेलो आणि आलो. तिला मी घरी सोडलं तेव्हा अंधार पडत होता."

नोरीनने माझ्याकडे नीट पाहिलं, बाटली उचलली आणि आत गेली. त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी हवेपाण्याखेरीज बोललेली नाही. आणि मला काय वाटलं असेल? पश्चात्ताप? मुळीच नाही. मला तिचाच संताप आला. आमच्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसणारी ही कोण? तो संताप मी महिनोन्महिने पोसला.

कुमुदने घडी धुऊन, इस्त्री करून प्रेसच्या वरच्या फळीवर ठेवली. नाणी बरणीत गेली. बरणी फ्रिजवर गेली.

गोष्ट मात्र फिरत राहिली. निखिलने ती ऑफिसात सांगितली. ल्यूकनमधल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर कोणीतरी माझा लेख टाकला. या उन्हाळ्यात बंधनं सैल झाल्यावर बागेत सगळ्यांची सहल झाली, तीस-चाळीस माणसं, डबे, सतरंज्या, वारा. तिथे एक तिशीची मुलगी, चांगली हुशार, कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे, कुमुदला म्हणाली, "काकू, आमच्याकडे पण एक चिल्लरचा डबा आहे हां, पाठवू का घासायला?" दुसरी म्हणाली, "अगं, काकूंना सांगू नकोस, त्या युरोच्या नोटासुद्धा चिंचेत घालतील." सगळे हसले. निखिल सगळ्यांत मोठ्याने हसला. मी पुलावाचा घास तोंडात धरून बसलो होतो. कुमुदने त्या मुलीला लिंबाची फोड दिली.

मला त्या मुलीला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं: तुला एकदा तरी शंका आली नाही का? पन्नास शंभर वेळा ही गोष्ट सांगितली गेली, आणि एकाही माणसाला असं वाटलं नाही की ज्या बाईने ती नाणी सहा महिने जमवली ती स्वतःच ती कशाला घासेल? इतकं साधं. पण म्हातारी बाई, नऊवारी नसली तरी पाचवारी, हातात चिंच, एवढं ऐकलं की लोकांना आणखी काही लागत नाही. चित्र पूर्ण होतं. मी खोटं बोललो खरं, पण ते चालावं म्हणून मला काही कष्ट करावे लागले नाहीत. जागा आधीच तयार होती. मी फक्त तिला त्या जागेवर बसवलं.

आणि हे म्हणत असताना मला कळतंय की मी पुन्हा दुसऱ्यांवर चिडतोय. त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

पोंक्ष्यांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसलो. तीन दिवस लागले. काल दुपारी कुमुदला म्हणालो, "बस जरा. काहीतरी वाचून दाखवायचंय." ती मेथी निवडत होती, निवडतच बसली. मी सगळं वाचलं, इथवर आलो. वाचताना मधे उठून पाणी प्यायलो. तिने दोनदा काडी मोडायची थांबवली, एवढंच.

वाचून झाल्यावर म्हणाली, "नोरीनचं बरोबर लिहिलंत."

मग थोड्या वेळाने, "तुम्ही आधी एक वाक्य लिहून खोडलंय. 'कुमुदने मोठ्या मनाने मौन पाळलं.' कागदावर दिसतंय मला. खोडलंत ते बरं केलंत. मन मोठं वगैरे काही नव्हतं. मी बघत होते तुम्ही कधी बोलता ते. दिवाळी ते दिवाळी. रोज बघत होते. हे लिहा."

लिहिलं.

"बागेत मला रडू आलं असेल असं वाटतं का कोणाला? नाही आलं. तुम्ही पुलाव गिळताय की नाही ते बघत होते. गिळलात."

मी म्हणालो, "तेही लिहितो. उद्या पाठवू ना पोंक्ष्यांना?"

"पोंक्षे कुठे राहतात?" तिने विचारलं.

"पुण्यात."

"आणि निखिल?"

मी कागद गोळा करायला लागलो.

"पुण्याला लिहून पाठवणं सोपं आहे हो. वर चौदा पायऱ्या आहेत, तिथे जा. तो त्याच्या मित्रांना सांगेल, केतकी तिच्या मैत्रिणींना सांगेल. तुमचा अंक इथे कोण वाचतो?"

मी उठलो. जिन्याशी उभा राहिलो. वर निखिलच्या दारामागे इंग्रजी बोलणं चालू होतं. मी हाक मारली. तसा तो धावत खाली आला, हेडफोन गळ्यात, चेहरा घाबरलेला. या वयात दुपारी हाक मारली की मुलं घाबरतात.

"काय झालं, बाबा? बरं वाटत नाहीये का?"

"बस," मी म्हणालो. "आईची नाणी तिने घासली नव्हती. मी घासली. ती त्या वेळी घरातसुद्धा नव्हती. मी सगळ्यांशी खोटं बोललो आणि नंतर ते छापून आणलं."

तो आधी हसला. त्याला वाटलं मी आणखी एक किस्सा सांगतोय. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, हसू ओसरलं. आणि मग माझा मुलगा, शिकलेला, शहाणा, दोन देशांत पसरलेलं घर चालवणारा, आईकडे वळला.

"पण मग आई, तू कशी काही बोलली नाहीस? एवढं सगळं झालं, तू सांगायचंस ना!"

कुमुदने मेथी खाली ठेवली. पण ती उत्तर द्यायच्या आत मी टेबलावर हात आपटला. इतक्या जोरात, की वर केतकीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"तिला नको विचारू," मी म्हणालो. "मला विचार."